बंगलोरमध्ये चहा प्यायचा कुठे? आमच्या कोपऱ्यावरच्या मल्याळी बेकरीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, बंगलोरमध्ये बाहेर चांगला चहा कुठे मिळतो असं कोणी विचारलं तर मी कुठल्याही मोठ्या हॉटेलचं नाव घेणार नाही, मॉलमधल्या कॅफेचं तर नाहीच नाही. मी म्हणेन घराजवळची मल्याळी बेकरी शोधा. म्हणजे समोर काचेच्या कपाटात पफ आणि केक, वर बरण्यांमध्ये चिप्स आणि खारे शेंगदाणे, छताला लटकलेले केळ्याचे घड, आणि एका कोपऱ्यात वाफ सोडणारा बॉयलर. अशी दुकानं या शहरात प्रत्येक दोन गल्ल्या सोडून आहेत आणि त्यातलं एक आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, तोंडाशी आहे. हा रिव्ह्यू त्याचा आहे, पण खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून नोकरीसाठी इकडे येऊन चहावाचून हाल होणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय.

मी सांगलीची. आमच्याकडे म्हशीचं दूध, आलं ठेचून, उन्हाळा सोडला तर गवती चहाची दोन पाती, मामरी चहा आणि पातेल्यात दोनदा वर येऊन खाली बसेपर्यंत उकळी. पाहुणा दारात आला की आधी चहाचं आधण, मग बाकी चौकशी. इथे आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की ती जागा इथे कॉफीची आहे. सकाळी शेजारच्या आंटी भेटल्या की 'काफी आयिता?' म्हणजे कॉफी झाली का, हीच विचारपूस. लग्नात गेलात तर कॉफी, बँकेत मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलात तर कॉफी, घर बघायला गेलात तर घरमालक आधी कॉफी देणार मग डिपॉझिटचा आकडा सांगणार. आणि ते साहजिक आहे हो, भारतातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, कोडगू, चिक्कमगळुरू, हासन, सगळं चार-पाच तासांच्या ड्राइव्हवर. बाबा बुदान नावाच्या सूफी संतांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळुरूच्या डोंगरावर लावल्या अशी गोष्ट इथलं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं, त्या डोंगरांना नावच बाबाबुदनगिरी आहे. कॉफी बोर्डाचं मुख्य ऑफिस याच शहरात. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ साली इथल्याच ब्रिगेड रोडवर उघडलं. ज्या मातीत हे सगळं घडलं तिथल्या लोकांना कॉफी प्रिय असणारच, आणि इथली फिल्टर कॉफी खरोखर सुंदर असते, मला त्याबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही.

पण मला चहा लागतो. सकाळी लागतो, चारला लागतो, पाऊस पडला तर अजून एकदा लागतो. कॉफीनं माझी सकाळ सुरू होत नाही आणि यात हट्ट काही नाही, जन्मभराची सवय आहे आणि मला ती आवडते.

तर मग इथल्या हॉटेलात चहा मागितला की काय होतं ते सांगते. दर्शिनीत जा, म्हणजे उभ्यानं खायची ती सेल्फ सर्व्हिसवाली हॉटेलं, इडली-वडा-दोसा एक नंबर, चटणी तर विचारू नका, आणि काउंटरवर सांगा 'ओंदु टी'. कॉफीच्या कोपऱ्यात जो माणूस उभा असतो त्याचे हात एवढे सफाईदार चालतात की बघत राहावं, डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा अर्क, दूध, साखर, वरून धार, फेस, पुढचा. पण टीचं टोकन दिसलं की तो तेच गरम दूध ग्लासात ओततो, कुठे एक टी बॅग टाकतो, कुठे मागे केव्हातरी करून ठेवलेलं चहाचं काळं पाणी घालतो, आणि झालं. त्या दुधाला गुलाबीसर रंग येतो, चव मात्र गरम साखरदुधाची. एका नामांकित ठिकाणी तर मला टी बॅग ग्लासात तरंगत असतानाच दिली आणि मी दोन मिनिटं थांबले तर मागचे लोक जागा मिळेल का म्हणून बघायला लागले. ऑफिसातल्या मशीनची तर वेगळीच तऱ्हा, बटणावर 'मसाला टी' लिहिलंय आणि कपात येतो तो गोड वेलची-पावडरीचा फेस, आणि त्याच नळीतून आधी कॉफी गेलेली असल्यामुळे शेवटच्या घोटाला कॉफीचा वास.

मला बरेच दिवस वाटायचं की हे दुर्लक्ष आहे, चहा म्हणजे दुय्यम, कोण लक्ष देणार. पण शेजारच्या आंटींनी मला एकदा मुद्दाम चहा केला, माझ्यासाठी, घरात कोणी पीत नसताना, वेगळी पावडर आणून. मी त्यांच्या ओट्याशी उभी होते म्हणून मला सगळं नीट दिसलं. त्यांनी पाणी गरम केलं, त्यात चहा पावडर टाकून गॅस लगेच बंद केला, झाकण ठेवलं, दूध शेजारच्या भांड्यात वेगळं तापवलं, मग गाळलेलं पाणी आणि दूध ग्लासात एकत्र केलं. सगळं इतक्या प्रेमानं. आणि तेव्हा मला कळलं की हा प्रश्न मायेचा नाहीच, हाताच्या सवयीचा आहे. फिल्टर कॉफीत वरच्या डब्यात पूड घालून गरम पाणी ओततात, खाली थेंबथेंब डिकॉक्शन उतरतं, ते कधीही उकळायचं नाही कारण उकळलं की कडू होतं, दूध वेगळं तापवायचं आणि शेवटी एकत्र करायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हाताला शिकवलंय की उकळू नकोस, तो हात चहासुद्धा उकळणार नाही. आणि आपला जाड दाण्याचा मामरी चहा तर दुधासकट उकळल्याशिवाय उतरतच नाही. नुसत्या पाण्यात फार उकळला तर तोंड आवळतं, पण दूध घालून उकळला की दुधातली प्रथिनं त्या तुरटपणाला धरून ठेवतात, म्हणून कडक होऊनही चहा मऊ लागतो. हे पुण्याच्या अमृततुल्यवाल्यांना, पितळी पातेल्यापुढे मांडी घालून बसून खलबत्त्यात आलं-वेलची कुटणाऱ्यांना, कोणी शिकवावं लागलं नाही. तिथे सगळा धंदाच उकळीवर उभा आहे.

आता बेकरीकडे वळते.

दुकान छोटं आहे, दहा बाय बारा असेल, शटर सकाळी साडेपाचला वर जातं आणि रात्री साडेदहापर्यंत चालू. मालक मलबारकडचे, पन्नाशीचे असतील, आम्ही सगळे त्यांना चेट्टा, म्हणजे दादा, म्हणतो. कन्नड, तमिळ, हिंदी आणि मल्याळम या चारही भाषांत ते हिशोब करतात आणि गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलेल हे तोंड उघडायच्या आधी ओळखतात. चहाच्या बॉयलरला मात्र ते स्वतः नसतात, तिथे त्यांचा भाचा असतो, आणि तो रजेवर असला की चव बदलते हे इथल्या सगळ्या रोजच्या लोकांना माहीत आहे.

तो चहा कसा करतो ते मी अनेकदा बारकाईनं बघितलंय. बॉयलरमध्ये पाणी कायम उकळत असतं आणि त्याच्याच वर, त्याच वाफेवर, दुधाचं भांडं ठेवलेलं असतं म्हणजे दूध तापलेलं राहतं पण उतू जात नाही आणि करपत नाही. बाजूला स्टीलचा उंच मग, त्यात लांब मोज्यासारखं कापडी गाळणं, वरच्या कडेला तारेची गोल रिंग आणि दांडी, कापड चहा पिऊन पिऊन काळं-तपकिरी झालेलं. त्या गाळण्यात चहाची भुकटी. ऑर्डर आली की काचेच्या ग्लासात साखर, त्यावर दूध निम्म्याच्या वर, मग बॉयलरची तोटी उघडून उकळतं पाणी त्या गाळण्यातून मगमध्ये, गाळणं दोनदा वर-खाली, आणि मगमधला तो लालभडक अर्क दुधावर. मग ग्लासातून मगमध्ये, मगमधून ग्लासात, एक हात खांद्याच्या वर एक कमरेच्या खाली, चार वेळा, आणि ग्लास समोर. बोटभर फेस. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही. आणि दर थोड्या वेळानं तो गाळण्यातला जुना चोथा फेकून नवीन भुकटी भरतो, सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण इतर अनेक टपऱ्यांवर सकाळी भरलेलं गाळणं दुपारपर्यंत वापरतात आणि वर थोडी थोडी भुकटी घालत राहतात, तिथे चहा पाणचटही लागतो आणि कडूही.

म्हणजे बघा, इथेही चहा दुधात उकळलेला नाही. पद्धत कॉफीच्याच जवळची, अर्क वेगळा आणि दूध वेगळं. तरी हा चहा जमतो आणि दर्शिनीतला जमत नाही, याचं कारण भुकटी. दक्षिणेत चहाचा डस्ट खपतो, अगदी बारीक, रव्यापेक्षाही बारीक, त्यातून रंग आणि कडकपणा काही सेकंदांत सुटतो. आपल्याकडे महाराष्ट्र-गुजरातेत जाड दाण्याला मागणी, त्याला वेळ आणि उकळी लागते. केरळवाल्यांनी उकळीऐवजी बारीक भुकटी, कापड आणि सतत खळखळतं पाणी यावर सगळं बसवलंय आणि ते पूर्ण विचार करून बसवलंय. आपला चहा हवा असेल तर हा तो नाही. आलं नाही, वेलची नाही, दाटपणा नाही. पण हा चहा आहे, त्याला चहाचा कडकपणा आहे, जिभेच्या कडेला ती जाणीव राहते, आणि त्यासाठी मी रोज चालत जाते.

दुधाचंही सांगायला हवं कारण बाहेरून आलेल्या मराठी माणसाला पहिला फरक तिथेच जाणवतो. सांगलीला आमच्या घरी म्हशीचं दूध, सहा टक्के फॅटचं, भिलवडीचं चितळ्यांचं नाहीतर गल्लीतल्या गवळ्याचं. इथे सगळीकडे नंदिनी, आणि ते मुख्यतः गाईचं. निळ्या पिशवीतलं टोन्ड दूध तीन टक्के फॅटचं. त्यामुळे तीच पावडर, तेच आलं, तोच माणूस, तरी घरचा चहा इथे पातळ होतो. यावर माझा उपाय असा की घरी पाणी कमी, दूध जास्त, निळी पिशवी न घेता जास्त फॅटची पिशवी, आणि पावडर गावाहून. सपट नाहीतर सोसायटी, जे येणारा माणूस आणेल ते. बेकरीतही दूध नंदिनीच आहे पण तिथे ते बॉयलरवर तासन्‌तास तापत राहून थोडं आटतं, आणि वरून ती उंच धार, त्यामुळे तोंडात गेल्यावर भरल्यासारखं वाटतं.

ऑर्डर कशी द्यायची हे नवीन माणसाला सांगून ठेवते. नुसतं 'टी' म्हणालात तर मीडियम मिळेल आणि साखर भरपूर असेल, आपल्या हिशोबानं तर फारच. म्हणून 'स्ट्रॉंग, सक्करे कम्मी' असं म्हणायचं, म्हणजे कडक आणि साखर कमी. अजिबात साखर नको तर 'विदाउट', एवढंच, पुढे काही नाही, सगळ्यांना कळतं. दोघांत एक हवा तर 'बाय टू', एका ग्लासातला चहा दोन ग्लासांत विभागून देतात आणि पैसे एकाचेच. बंगलोरची ही बाय टूची पद्धत मला फार आवडते, कॉफीची असली तरी चहालाही लागू होते, आणि त्यामुळे ओळखीचं कोणी भेटलं की नको म्हणायला कारणच उरत नाही. चहा पंधरा रुपये. काचेचा ग्लास मागून घ्या, न मागता कागदी कप देतात आणि त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, चव तर बिघडतेच पण गरम चहासाठी ते मला योग्यही वाटत नाही.

आमचे बाबा गेल्या वर्षी इथे राहायला आले होते. त्यांना पाचला जाग येते आणि साडेपाचला चहा लागतो. घरी मी करतच होते पण त्यांना बाहेर जाऊन, उभं राहून, पेपर बघत प्यायचा चहा हवा असतो, सांगलीला त्यांचा तो कट्टा आहे. म्हटलं चला. चेट्टांनी ग्लास पुढे केला, बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले,

"आलं घातलं नाही गं यात."

"इथे नाही घालत बाबा. हा असाच असतो, केरळी चहा. तुम्ही आधी अर्धा पिऊन तर बघा."

"उकळलेला पण नाही."

"नाही उकळत. कडक आहे का सांगा फक्त."

त्यांनी उत्तर दिलं नाही, ग्लास संपवला, आणि मग भाच्याकडे बघून हातानंच विचारलं की ते कापड किती वेळा धुता. त्यानं हिंदीत सांगितलं, "रोज रात को अंकल, गरम पानी में, साबुन नहीं लगाते." बाबांचं समाधान झालं. माणूस साबण लावत नाही म्हणजे त्याला चहा कळतो असं त्यांचं म्हणणं, कारण कापडाला साबणाचा वास बसला की दहा ग्लास वाया. दुसऱ्या दिवशीपासून ते एकटेच जायला लागले, मला न उठवता. चेट्टांना मराठी येत नाही, बाबांना कन्नड येत नाही, तरी परत जाताना बाबांनी मला सांगितलं की त्या चेट्ट्यांच्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे, तिच्यासाठी काही पुस्तकं असतील तर दे. हे त्यांना कसं कळलं देव जाणे, पण मी पुस्तकं दिली.

सुलेमानीबद्दल वेगळं लिहायला हवं. बिनदुधाचा चहा, लिंबू पिळलेला, साखर, आमच्या इथे त्यात वेलचीही असते. मलबारकडे बिर्याणीनंतर पितात, जेवण उतरायला. आपल्याकडे कोरा चहा म्हटला की आजारपण आठवतं, पण हा प्रकार वेगळाच आहे, रंग मधासारखा पारदर्शक लाल, लिंबामुळे तो काळपट रंग फिका होतो तेही बघायला छान वाटतं. डस्ट अगदी कमी आणि क्षणभरच पाण्यात, नाहीतर लिंबाबरोबर तुरटपणा अंगावर येतो. भाचा हे अचूक करतो. दुपारी जेवून आल्यावर तीनच्या सुमाराला मी दुधाचा न घेता हाच घेते. दहा रुपये. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी डोळे मिटून घ्यावा. नुसता कोरा हवा असेल तर 'कट्टन' म्हणायचं.

खायला काय? एग पफ सकाळी नऊच्या आत चांगले, नंतर ते काचेच्या कपाटात बसून मऊ पडतात. व्हेज पफ ठीकठाक. केक मला खास वाटले नाहीत, साखर जास्त आणि वरचा क्रीमचा थर तुपट. चहाबरोबर घ्यायची गोष्ट म्हणजे संध्याकाळची पळमपोरी, पिकलेलं नेंद्रन केळं उभं चिरून मैद्याच्या पिठात बुडवून तळलेलं. आपल्याकडची केळ्याची भजी डोक्यात ठेवून गेलात तर गडबड होईल, हे केळं जाड, घट्ट, तळल्यावरही आपला आकार सोडत नाही, आत गोड आणि थोडं आंबूस, बाहेर पातळ कुरकुरीत कवच. कडक कमी साखरेचा चहा आणि ही पळमपोरी एकत्र घेतली की साखर कमी का सांगायची ते लगेच कळतं. परिप्पु वडापण असतो, चणाडाळीचा, कढीपत्ता घालून, तो गरम असेल तरच घ्या.

आता जे खटकतं ते. बसायला जागा नाही, एक लाकडी बाक आहे तो कायम भरलेला. ज्येष्ठ माणसांना घेऊन जायचं तर सकाळी लवकर किंवा दुपारी. दुसरं, सिगरेट. फुटपाथवर ग्लास हातात घेऊन उभे राहणारे निम्मे लोक सिगरेट ओढतात आणि संध्याकाळी बाईमाणसाला तिथे पाच मिनिटं उभं राहणं नको होतं, मी चेट्टांना हे दोनदा सांगितलं, त्यांनी आता एका बाजूला बाकाजवळ ओढू नका अशी पाटी लावलीय, तेवढा फरक पडलाय, पूर्ण नाही. तिसरं म्हणजे ग्लास धुणं. एकाच बादलीत बुचकळून काढायचे, आता नळाखाली धुतात पण गर्दीच्या वेळी परत बादली येते. मी गर्दीत गेले तर सरळ सांगते गरम पाण्यानं ग्लास विसळून द्या, बॉयलर समोरच आहे, एका सेकंदाचं काम, आणि तो लगेच करून देतो. सांगायला लाजू नका.

शहरात इतर ठिकाणीही चहा आहे, तेही थोडक्यात. शिवाजीनगर, फ्रेझर टाउनकडच्या जुन्या मुस्लिम हॉटेलांत चहाची परंपरा पक्की आहे, दूध आटवून केलेला दाट चहा मिळतो, रमजानमध्ये तर रात्री उशिरापर्यंत, पण आमच्या भागातून तिथे जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास. चाय पॉइंट २०१० मध्ये बंगलोरमध्येच सुरू झालं, आल्याचा चहा पुठ्ठ्याच्या फ्लास्कमध्ये ऑफिसला पाठवतात, मीटिंगला दहा माणसं असतील तर सोयीचं, आणि उकळलेला असतो हे महत्त्वाचं. आणि आपल्या माणसांना सगळ्यात जवळचा वाटेल असा चहा उत्तर कर्नाटकवाल्यांकडे मिळतो. कर्नाटक म्हणजे सगळी कॉफीच असं समजू नका, हुबळी, धारवाड, बेळगाव, विजापूर हा सगळा पट्टा चहाचा आहे, आमच्यासारखाच. माझा एक कलीग हुबळीचा आहे, तो चार वाजले की डेस्कजवळ येऊन 'चा कुडियोण बर्री मॅडम', म्हणजे चला चहा पिऊया, म्हणतो आणि आम्ही दोघं खाली उतरतो, बाकीची टीम कॉफी मशीनकडे. जोळद रोट्टीच्या, म्हणजे ज्वारीच्या भाकरीच्या, खानावळी बंगलोरमध्ये आता बऱ्याच झाल्यात, तिथे जेवण झाल्यावर चहा मागून बघा, अनेक ठिकाणी दुधात उकळून देतात, छोट्या कपात, आणि त्या कपाला आपल्याकडच्या कटिंगचा अंदाज असतो.

गंमत म्हणजे चहा इथून लांब पिकतो असंही नाही. निलगिरी शेजारीच, कुन्नूरचा चहा इथे सहज मिळतो, आणि खुद्द चिक्कमगळुरू जिल्ह्यात, कॉफीच्या मळ्यांच्या मधोमध, केळगूरला चहाचा मळा आहे. त्यांची पावडर मी आणून बघितली, वास चांगला, दुधात थोडी हलकी पडते, कोरा प्यायला किंवा सुलेमानीला छान. चेट्टांना एक पुडी दिली होती, त्यांनी वास घेतला, बोटांत चोळून बघितली आणि म्हणाले आमच्या कापडाला ही चालणार नाही, दाणा मोठा आहे, घरी प्या. बरोबरच होतं.

मला एवढंच वाटतं की दर्शिनीवाल्यांनी हे मनावर घ्यावं. ज्या लोकांनी कॉफीसाठी चिकोरीचं प्रमाण ठरवलंय, डिकॉक्शन पहिलं-दुसरं वेगळं ठेवतात, ग्लास आधी गरम पाण्यानं विसळतात, त्यांना चहा जमणार नाही असं होऊच शकत नाही. एक वेगळं पातेलं, दुधासकट पाच मिनिटं उकळी, नाहीतर मल्याळी पद्धतीनं ताजी भुकटी आणि कापड, दोन्हीतलं एक करा. चहा मागणारे आता इथे लाखांनी राहतात, मराठी, गुजराती, हिंदीवाले, आसाम-बंगालचे, मलबारचे आणि तुमच्याच हुबळी-धारवाडचे. आम्ही इडली तुमच्याकडेच खातो आणि मग चहासाठी रस्ता ओलांडून बेकरीत जातो. तो पंधरा रुपयांचा चहा तुमच्याच काउंटरवर मिळाला तर आम्हाला आनंदच आहे, दोसा खाऊन लगेच कडक चहा यासारखं दुसरं काही नाही.

बेकरीला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा सिगरेटच्या धुरासाठी कापला. सकाळी सहा ते आठ किंवा दुपारी तीनला जा, भाचा बॉयलरवर आहे ना ते बघून घ्या. पळमपोरी साडेचारला तळायला घेतात आणि सहाच्या आत संपते, रविवारी करत नाहीत. ओणमच्या आठवड्यात दुकान बंद असतं, तेव्हा घरी पावडर भरून ठेवा.